चार मिलिमीटर प्लायवूडचा कणा

वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पॅटर्नमेकर होतो. पॅटर्नमेकर म्हणजे नेमकं कोण, हे माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. ते लोकांना जावई सुतार आहे असंच सांगायचे, आणि तेही जरा आवाज उतरवून. खरं तर काम सांगायला सोपं आहे. पंपाचं धड किंवा व्हॉल्व्हची टोपी बिडात ओतायची असेल तर आधी तशीच लाकडाची वस्तू लागते. ती वाळूत दाबायची, अलगद काढून घ्यायची, आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड ओतायचं. ती लाकडाची वस्तू म्हणजे पॅटर्न. ती मी करायचो, आणि मी केलेली ती नापास करण्यासाठी कंपनीने एक साहेब ठेवलेले होते.

साहेब इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख. राहायचे डोंबिवलीला, पण बोलायचे पुण्यात बसल्यासारखं. खिशात दोन पेनं आणि चामड्याच्या म्यानात व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरचेही बारीक भाग मोजायचं हत्यार. ते घरीसुद्धा व्हर्नियर जवळ बाळगतात अशी कारखान्यात वदंता होती. मला ती अतिशयोक्ती वाटायची. पुढे त्यांच्या घरी गेलो तेव्हा व्हर्नियर फ्रीजवर, देवपूजेच्या पंचांगाशेजारी ठेवलेलं दिसलं.

त्यांचा एक छापील फॉर्म होता. खाली दोन चौकोन, पास आणि नापास. मी एकदा विचारलेलं की साहेब, एखादी वस्तू मधली असते, चालून जाण्यासारखी, तिचं काय? ते म्हणाले, "मधल्या वस्तू तुमच्या घरी असतील. कारखान्यात नसतात."

नव्वदीच्या सुरुवातीला साहेबांचा डावा पाय दुखायला लागला. सुरुवातीला त्यांनी दोष खुर्चीला दिला. खुर्चीचे चारही पाय मोजले, एक पाय तीन मिलिमीटरने आखूड निघाला, खुर्ची मेंटेनन्सकडे गेली आणि दुरुस्त होऊन आली. दुखणं होतं तिथेच राहिलं. मग ते उभ्याने काम करायला लागले, उजव्या पायावर भार देऊन, आणि तपासणीच्या टेबलाला एका हाताने घट्ट धरून. तरी नापासाचं प्रमाण काही घटलं नाही. तीन-चार महिन्यांनी डाव्या पायाचा अंगठा बधिर झाला तेव्हा साहेबांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, त्यांना ठाण्याला एका मणक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी मुंबईहून सीटी स्कॅन करून आणायला सांगितलं. निदान झालं ते असं, की कमरेचा पाचवा मणका पुढे सरकलेला आहे, सरकताना थोडा फिरलाही आहे, आणि डाव्या बाजूची नस त्यात चिमटली आहे. ऑपरेशन करून चार स्क्रू बसवायचे.

ऑपरेशनचं पक्कं करायला जायचं होतं त्या दिवशी मॅनेजरनी मला साहेबांबरोबर धाडलं. नर्सिंग होम दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, आणि साहेबांना आधार लागणार. मलाच का, तर त्या सकाळी माझा पॅटर्न साहेबांनी नापास केलेला होता, त्यामुळे खात्यात मी एकटाच रिकामा होतो.

डॉक्टर चाळिशीचे, उत्साही. नवीन यंत्रांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा लग्नाचा अल्बम दाखवणाऱ्यासारखा व्हायचा. त्यांनी एक मोठी फिल्म काढून उजेडाच्या पेटीवर लावली. काळ्या पार्श्वभूमीवर एक हस्तिदंती रंगाचा कणा तरंगत होता.

"हे थ्री-डी," डॉक्टर म्हणाले. "स्कॅनच्या सगळ्या चकत्या कॉम्प्युटरने एकावर एक रचल्या. आपल्याकडे हे करणारी यंत्रं अजून फार नाहीत."

वहिनी पुढे वाकून बघत राहिल्या. "फारच देखणा आहे हो," त्या म्हणाल्या. "यांचाच आहे ना?"

साहेबांनी चष्मा बदलला. "हे मागून काढलेलं आहे. बाजूने कसं दिसतं?"

डॉक्टरांनी दुसरी फिल्म लावली.

"आणि खालून?"

"खालून काढलेलं नाही."

"म्हणजे तीन मिती म्हणता आणि कागदावर दाखवता दोन. बरं, ऑपरेशनच्या वेळी तुम्ही आत कसं बघता?"

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. ऑपरेशनच्या खोलीत सी-आर्म नावाचं यंत्र असतं. इंग्रजी सी अक्षरासारखा लोखंडी हात, एका टोकाला एक्स-रेची नळी, दुसऱ्या टोकाला तो टिपणारा डबा. पेशंट मधे झोपलेला. स्क्रू आत जाताना टीव्हीवर दिसत राहतो, एकदा समोरून, एकदा बाजूने.

"म्हणजे सावल्याच," साहेब म्हणाले. "समोरची एक, बाजूची एक. तिथेही दोनच झाल्या. तिसरी मिती कुठे असते?"

डॉक्टरांनी स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. "इथे."

"तिथे मला व्हर्नियर लावता येणार नाही," साहेब म्हणाले. "वस्तू हातात घेऊन बघितल्याशिवाय मी आजपर्यंत कशावर सही केलेली नाही." आणि संमतीचा कागद त्यांनी डॉक्टरांकडे परत सरकवला.

वहिनींनी डोळे मिटून घेतले. या माणसाबरोबर पंचवीस वर्षं भाजी आणायला जाणाऱ्या बाईने मिटावेत तसे. डॉक्टरांचा संयम मात्र तिथे सुटला. "मग काय करू? तुमचा कणा लाकडाचा करून आणू?"

ते चिडून बोलले होते. साहेबांनी ते सूचना म्हणून ऐकलं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "हे करतील," ते म्हणाले. "यांना त्या चकत्यांच्या फिल्म द्या."

डॉक्टरांनी आधी हसून पाहिलं. कोणी हसत नाही म्हटल्यावर त्यांनाच त्यात रस वाटायला लागला. त्यांनी मला पाकीट उघडून दाखवलं. कमरेच्या भागाचे छत्तीस आडवे छेद होते, काकडीच्या चकत्या कराव्यात तसे, दोन चकत्यांमधे चार मिलिमीटर अंतर. चार मिलिमीटर म्हटल्यावर माझं भय निम्मं झालं. चार मिलिमीटरचा प्लाय आमच्याकडे लाकडाच्या खोलीत भिंतीला टेकून उभाच असायचा. प्रत्येक चकती प्लायवर चिकटवायची, हाडाच्या कडेने कापायची, आणि छत्तीस तुकडे एकावर एक सरसाने जोडायचे. मुंबईतला कॉम्प्युटर तेच करत होता. फक्त त्याला कुसळं टोचत नव्हती.

मॅनेजरनी परवानगी दिली. साहेब लवकर बरे व्हावेत असं त्यांना वाटत होतं की साहेब काही महिने घरी राहावेत असं, ते मला सांगता येणार नाही. कारखान्यात कुठलंही काम जॉब नंबरशिवाय होत नाही, म्हणून साहेबांच्या कण्याला नंबर मिळाला आणि तो "पंप, इतर भाग" या सदरात गेला.

नौपाड्यातल्या एका फोटो स्टुडिओतून मी चकत्या खऱ्या मापात कागदावर छापून घेतल्या. मग आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत आणि सुटल्यावर मी तेच करत बसलो. लाकूडकामात मी बरंच काही बघितलेलं होतं, पण माणसाच्या हाडात एकही सरळ रेष नाही हे मला माहीत नव्हतं. एकही काटकोन नाही. हे डिझाइन साहेबांकडे आलं असतं तर त्यांनी पहिल्याच दिवशी ड्रॉइंग ऑफिसला परत पाठवलं असतं. तयार झालेला कणा मी घासून घेतला, त्याला पॉलिश दिलं, आणि एका रविवारी पिशवीत घालून डोंबिवलीला साहेबांच्या घरी गेलो. खात्यातल्या लोकांनी मला निरोपच दिला. साहेब स्वतःचा कणा तरी पास करतील, असं तिघांचं मत होतं आणि बाकीच्यांचं नाही असं.

साहेब दिवाणावर कुशीवर पडलेले होते. शेजारचे एक निवृत्त मास्तर समाचाराला आलेले होते, आणि ती हस्तिदंती कण्याची फिल्म शोकेसमधे बाहुल्यांच्या पुढे उभी केलेली होती. आल्यागेल्याला ती दाखवली जायची. मास्तरांचं मत होतं की फोटोत पाठ फार सुधारल्यासारखी दिसते आहे, ऑपरेशनची गरज वाटत नाही.

मी लाकडी कणा साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो थोडा वेळ नुसताच धरला. मग त्यांनी वहिनींना फ्रीजवरचं व्हर्नियर आणायला सांगितलं.

"रुंदी जास्त आहे," मोजून झाल्यावर ते म्हणाले. "फिल्मवरच्या मापाने पन्नास यायला हवी. साडेपन्नास आहे. तुम्ही कुठली पट्टी वापरलीत?"

माझी कानशिलं तापली. बीड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न जरा मोठा करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्याकडे वेगळी पट्टी असते, जिच्यावरचा मिलिमीटर खऱ्या मिलिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. वीस वर्षांच्या सवयीने फोटोवाल्याला मापं देताना मी तीच पट्टी लावलेली होती.

"हा कणा बिडात ओतायचा आहे का?" साहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

"उंचीही दोन मिलिमीटर जास्त. तुमच्या सरसाचे थर." मग त्यांनी पाचवा मणका डोळ्यांजवळ नेला, आणि डाव्या बाजूला एका जागी पेन्सिलीचं टोक घातलं. टोक आरपार गेलं. "हे काय?"

"तिथे फिल्मवर फिकट होतं. हाड आहे की नाही कळलं नाही, म्हणून मी जागा मोकळी ठेवली."

"कळलं नाही असा शेरा माझ्या फॉर्मवर नाही," ते म्हणाले. कणा त्यांनी उलटा केला, सुलटा केला, परत स्वतःच्या कमरेशी धरला, तसाच, जसा तो आत असायला हवा. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच गोंधळ दिसला.

"हे भोक डाव्या बाजूला आहे. नसेची वाट मात्र तुम्ही उजव्या बाजूला अरुंद केली आहे."

"फिल्मप्रमाणेच केलंय साहेब."

"माझा डावा पाय दुखतो," साहेब म्हणाले. "तुम्ही उजवा दुखवला आहे."

सोमवारी मी डॉक्टरांकडे धावलो. डॉक्टर खो खो हसले आणि मग त्यांनी सांगितलं की चूक त्यांची, त्यांनी मला सांगायला हवं होतं. स्कॅनची चकती पेशंटच्या पायांकडे उभं राहून, वर बघितल्यासारखी छापलेली असते. मी ती डोक्याकडून खाली बघितल्यासारखी रचली. छत्तीसच्या छत्तीस चकत्या बरोबर, आणि सगळा कणा आरशातला. डावं ते उजवं आणि उजवं ते डावं. "ऑपरेशनच्या टेबलावर हा आला असता तर?" मी विचारलं. डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी तो कणा माझ्या हातून घेऊन टेबलाच्या खणात टाकला आणि खण बंद केला.

दुसरा कणा मी साध्या पट्टीने केला, सरस पातळ लावला, चकत्यांवर पेनाने डावा-उजवा लिहिलं आणि रचताना प्रत्येक वेळी स्वतःच्या पायांकडे बघून खात्री केली. पाचव्या मणक्याशी आलो तेव्हा परत ती फिकट जागा आली, या खेपेला बरोबर उजव्या अंगाला. पेशंटच्या उजव्या. तिथे काय करावं याचा मी एक दुपारभर विचार केला. मोकळी ठेवली तर साहेब पेन्सिल घालणार. डॉक्टरांना विचारायला जावं तर डॉक्टर गावाला गेलेले. शेवटी मी सरसात भुसा कालवला आणि ती जागा भरून टाकली. वाळल्यावर घासली. पॉलिशखाली ती इतकी बेमालूम बसली की मलाच शोधावी लागली. पॅटर्नमेकरला अशा वेळी स्वतःचा अभिमान वाटतो. मलाही वाटला.

साहेबांनी दुसरा कणा पाऊण तास तपासला. मग फॉर्म मागवून घेतला, पडल्या पडल्या सही केली, आणि पासच्या चौकोनात खूण केली. नंतर त्याच पेनाने संमतीच्या कागदावरही सही केली. वहिनींनी मला शिऱ्याची दुसरी वाटी दिली. माझ्या कामाला साहेबांकडून पहिल्याच तपासणीत पास मिळालेला तो एकमेव नग होता, म्हणजे आधीचा सोडला तर.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी साहेबांच्या सांगण्यावरून कणा पुन्हा कारखान्यात आणला गेला, कारण त्यावर इन्स्पेक्शनचा शिक्का राहिला होता. शिक्का मारून तो बाहेर नेताना गेटवरच्या वॉचमनने गेटपास मागितला. पासवर लिहिलं होतं, लाकडी मणके, नग एक. वॉचमनने विचारलं, "माल परत येणारा आहे की न येणारा?"

मी म्हटलं, "येणारा."

"कधी येणार?"

"ते डॉक्टरांवर आहे."

त्याने रजिस्टरमधे तसंच लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या सकाळी मी कणा नर्सिंग होमला पोचवून परत फिरणार होतो. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्री, थांबा. लाकूड उकळता येणार नाही आणि माझे हातमोजे त्याला लावता येणार नाहीत. तुम्हीच आत येऊन धरा." त्यांनी मला हिरवे कपडे, टोपी आणि तोंडाला फडकं दिलं, वर एक्स-रेपासून बचावाचा शिशाचा जड एप्रन चढवला. कणा पारदर्शक प्लॅस्टिकमधे गुंडाळला. टेबलापासून चार पावलांवर मला उभं केलं आणि सांगितलं, "रक्ताकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

सी-आर्म नर्सिंग होमचा स्वतःचा नव्हता. तो भाड्याने यायचा, टेम्पोतून. सकाळी कल्याणला एका आजोबांचं खुब्याचं हाड दाखवून तो निघाला आणि कळव्याच्या पुलावर अडकला. सगळे हात धुऊन त्याची वाट बघत उभे. शेवटी चार हमालांनी तो, लिफ्ट नसल्यामुळे, जिन्याने वर आणला. त्याच्याबरोबर एक टेक्निशियन होता, तिशीचा, बोलका. त्याने त्या यंत्रावर ओल्या फडक्याने हात फिरवला, प्लग लावला, आणि माझ्या हातातली वस्तू बघून विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?"

"आमच्याच," मी म्हटलं.

साहेब पालथे, झोपवलेले. हिरव्या कापडांच्या खिडकीतून पाठीचा फक्त वीतभर तुकडा दिसत होता. इतकी वर्षं ज्या माणसाची चाहूल लागली की आम्ही विड्या विझवायचो तो माणूस एवढासा होऊन तिथे पडला होता. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी त्यांना काही विचारायचं राहून गेलंय असंही वाटत राहिलं.

काम सुरू झालं. भिंतीवर उजेडाच्या पेटीत ती देखणी फिल्म, डाव्या हाताला सी-आर्मचा टीव्ही, समोर मी. डॉक्टर तिन्हीकडे आळीपाळीने बघत होते. मणक्याच्या पुढच्या गोल भागाला मागच्या कमानीशी जोडणारे दोन आखूड खांब असतात, एक डावा, एक उजवा. स्क्रू त्या खांबाच्या पोटातून जायला हवा. खांब फुटून आत गेला तर तिथे नसा. डॉक्टर खांबाचा कोन माझ्या कण्यावरून घेत. "थोडा फिरवा. डावीकडे. तुमचा डावा नव्हे, त्यांचा." मी फिरवायचो. मग टेक्निशियन लोखंडी हात फिरवायचा, टीव्हीवर सावली उमटायची, आणि स्क्रू आत जायचा. असे तीन स्क्रू गेले. टेक्निशियन खूश होता. त्याच्या मते फिल्म आणि लाकूड ही नुसती शोभा होती, खरं काम यंत्र करत होतं.

चौथा स्क्रू पाचव्या मणक्याच्या उजव्या खांबात जायचा होता. डॉक्टरांनी बारीक सळई घालून आतून चाचपलं आणि ते थांबले. सी-आर्मने समोरून दाखवलं, सगळं ठीक. बाजूने दाखवलं, सगळं ठीक. डॉक्टरांनी भिंतीवरच्या फिल्मकडे पाहिलं. तिथे त्या खांबाला एक गोल काळं भोक दिसत होतं.

"कॉम्प्युटर पातळ हाड कधी कधी खाऊन टाकतो," ते स्वतःशीच म्हणाले. "पातळ असलं तर त्याला ते दिसत नाही, हाडच नसलं तरी दिसत नाही. भोक दोन्ही वेळा तसंच." मग ते माझ्याकडे वळले. "मिस्त्री, तुमच्याकडे इथे भरीव आहे. हे हाड चकतीत दिसलं म्हणून केलंत, की तुम्ही भरलंय?"

माझ्या मनात आलं की हो म्हणावं, दिसलं म्हणावं. वस्तूवर पासचा शिक्का होता. शिक्का असलेल्या वस्तूवर कारखान्यात कोणी प्रश्न विचारत नाही.

"मी भरलंय," मी म्हटलं. "सरस आणि भुसा. चकतीत फिकट होतं."

"कोणी सांगितलं भरायला?"

मी टेबलाकडे पाहिलं. "पेशंटने."

टेक्निशियनने तोंडावरच्या फडक्याआड काहीतरी आवाज केला. डॉक्टर हसले नाहीत. ते पुन्हा एकदा सळईने चाचपत राहिले, बराच वेळ, डोळे कुठेच न लावता, कपाटामागे पडलेली किल्ली हाताने शोधावी तसे. मग त्यांनी सळई बाहेर काढली. "इथे नको," ते म्हणाले. "तीनवर भागवू. कमरेच्या कडेच्या हाडाचा तुकडा घेऊन भर घालू. पुढचं शरीर बघेल."

मी बाहेर आलो तेव्हा वहिनी बाकावर बसलेल्या होत्या, मांडीवर थर्मास घेऊन. "नीट झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. तीन स्क्रूंचं मी बोललो नाही. डॉक्टर येऊन सांगतील म्हटलं. थर्मासमधला चहा त्यांनी मला दिला आणि मी तो उभ्यानेच प्यायलो, कारण शिशाच्या एप्रनने माझीच पाठ धरली होती.

पाचव्या दिवशी मी साहेबांना भेटायला गेलो. डाव्या पायातली कळ गेलेली होती, अंगठा मात्र बधिरच होता. साहेबांनी एक्स-रे मागून घेऊन बघितलेला होता आणि त्यांचा पहिला प्रश्न मला अपेक्षित होता तोच आला. "ठरले होते चार. बसले तीन. डॉक्टर म्हणतात हाड पातळ होतं. तुमच्या कण्यात तर पातळ नव्हतं."

मी सगळं सांगून टाकलं. फिकट जागा, भुसा, पॉलिश, आणि डॉक्टरांनी विचारल्यावर मी काय बोललो तेही. वहिनी मोसंबं सोलायच्या थांबल्या. मला वाटलं आता नोकरी जाते.

"घासली किती नंबरच्या कागदाने?" साहेबांनी विचारलं.

मी नंबर सांगितला.

"म्हणूनच बोटाला लागली नाही." त्यांनी वहिनींकडून पिशवीतला फॉर्म मागवला. त्यांची प्रत त्यांनी नर्सिंग होमला बरोबर आणली होती, याचं मला तेव्हा नवल वाटलं नाही. झोपून लिहिताना पेनातून शाई येईना, म्हणून त्यांनी पेन्सिल घेतली, वहिनींना कागद तोंडासमोर धरायला लावला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. लिहून झाल्यावर मला दाखवलं. 'एका ठिकाणी लांबी (सरस-भुसा) भरलेली. तपासणीत निसटली.' खाली स्वतःची सही.

"साहेब, चूक माझी होती," मी म्हटलं.

"करणारा लपवणारच. तो शोधायचा म्हणून तर मला पगार आहे. मी मापं बघत बसलो." मग ते म्हणाले, "आणि ती जागा मोकळी ठेवलीत तेव्हा मी तुम्हाला नापास केलं होतं. तेही यात लिहायला हवं, पण त्याला रकाना नाही."

चार महिन्यांनी ते पट्टा लावून कामावर आले. आल्या दिवशी त्यांनी माझे दोन पॅटर्न नापास केले, दोन्ही योग्य कारणाने. लाकडी कणा डॉक्टरांनी परत दिला नाही, त्यामुळे गेटवरच्या रजिस्टरमधे एक नग माल अजूनही येणं आहे. डॉक्टरांनी तो एका डॉक्टरांच्या सभेत नेला. कॉम्प्युटरची फिल्म, सी-आर्म आणि लाकडी कणा यांची तुलना करणारं भाषण त्यांनी तिथे दिलं आणि मला ऐकायला बोलावलं. मागच्या रांगेत बसून मी ते ऐकलं. इंग्रजी सगळं कळलं नाही. पडद्यावर तीन रकाने होते. लाकडाच्या रकान्यात तोटा म्हणून एक ओळ होती, तिचा अर्थ मी शेजारच्या डॉक्टरला विचारला. तो म्हणाला, "अचूकता सुताराच्या स्वभावावर अवलंबून." पॅटर्नमेकर असं लिहायला हवं होतं, असं मी त्याला सांगितलं. नंतर बटाटेवडे होते.

त्यानंतर डॉक्टरांसाठी मी आणखी दोन कणे केले. कळलं नाही ती जागा आता मी मोकळी ठेवायचो आणि तिच्या कडेला लाल रंग लावायचो. त्यातला एक कोलशेतच्या एका कोळ्याचा होता, साठीचा गडी, होडीतून उतरताना दगडावर आपटलेला. डॉक्टर त्याला कणा दाखवून समजावत होते आणि मी शेजारी उभा होतो. त्याने तो हातात घेतला, मासा तोलावा तसा वरखाली केला.

"यातला दुखतो तो कंचा?" त्याने मला विचारलं.

मी चौथ्या मणक्यावर बोट ठेवलं. त्याने अंगठ्याने त्या जागी जोरात दाबून पाहिलं, एकदा, दोनदा, आणि डॉक्टरांकडे मान वर करून म्हणाला, "हा नाय दुखत."